दुसऱ्या टाकीतलं तीर्थ

धोंडुबाईच्या हातांना पेट्रोलचा वास येतो, असं सांगलीच्या घाटावरच्या बायका म्हणतात, आणि ते खोटं नाही. भल्या पहाटे ती कृष्णामाईत तीन डुबक्या मारते, लुगडं पिळते, तुळशीला पाणी घालते, बिरोबाच्या टाकाला भंडारा लावते. एवढं सगळं करूनही तो वास जात नाही. नवी एखादी बाई नाक मुरडते, तेव्हा धोंडुबाई एक पायरी खाली सरकून बसते. ती कधी काही सांगत नाही.

तिचं माहेर काळखडी. जतच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या तोंडावरची पंचवीस-तीस घरांची वाडी. घर मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन पश्चिमेला नदीकाठच्या मुलखात उतरायचा आणि परत येताना गडूत कृष्णेचं पाणी भरून आणायचा. गडूचं तोंड लाखेनं बंद. आई बयाबाई तो देवळीत, बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवायची. घरात नवी कणगी आली, नवा रांजण आला, साधी घागर जरी आली, तरी तिच्यात पहिल्यांदा त्या गडूतलं ओंजळभर पाणी आणि चिमूटभर भंडारा पडायचा. मग काय भरायचं ते भरा. तसं केलं की भांडं रितं राहत नाही, असं बयाबाई म्हणायची. दुष्काळात सगळ्या वाडीचे रांजण कोरडे पडले तरी तिच्या रांजणाच्या तळाला दोन तांबे पाणी असायचंच. ते तीर्थामुळं, की बयाबाई पाणी जपून वापरायची म्हणून, हा प्रश्न धोंडुबाईला कधी पडला नाही. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं.

लग्न त्याच मुलखात झालं. नवरा सिद्धू, थोराड हाडाचा, कमी बोलणारा. जर्मनच्या लढाईत भरती निघाली तेव्हा तो पलटणीत गेला, तिथं मोटार शिकला आणि तीन वर्षं मिसरच्या वाळवंटात रसद ओढत राहिला. परत आला तो दाबलेल्या लोकरीची, नमद्याची, एक हॅट आणि कोरडा खोकला घेऊन. कुंडलच्या लालासाहेबांनी, मोठे ऊसवाले ते, लष्कराच्या लिलावात एक पिकअप गाडी आणि दोन चाकांचा पाण्याचा ट्रेलर घेतला होता. गाडी सांगलीत नदीजवळच्या शेडमध्ये असायची. तिच्यावर सिद्धू ड्रायव्हर, आणि भाऊसो नावाचा क्लीनर. भाऊसोला बोलल्याशिवाय नट पिळता येत नसे. शेडच्या मागच्या खोलीत धोंडुबाईचा संसार. कृष्णामाई दारात आली, याहून तिला काय पाहिजे होतं.

लढाई संपल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. चैत्र सरता सरता तिचा भाऊ गुंडा आला. पायातल्या वहाणा हातात, डोळे खोल गेलेले.

"पटकी लागलीया वाडीत," तो म्हणाला. "पाच गेली. हिरीत गुडघाभर राड उरल्याली, तेच पाणी पेली समदी. आता सरकारी मानसानं लाल औशद टाकून हीर बंद केली. दुसरं पाणी चार कोसांवर. आन् उठायची ताकद कुनात न्हाई."

"आई?" धोंडुबाईनं विचारलं.

"आई बरी हाय अजून. पर पाणी पाणी करतीया. म्हनती, कृष्णेचं पाणी आना."

सिद्धू आणि गुंडा लालासाहेबांकडं गेले, तर त्यांनी फारसं विचारलं नाही. म्हणाले, "गाडी घेऊन जा. पेट्रोलची कुपनं माज्याकडं हाईत तेवढी सगळी देतो. पर सिद्धू, पोचशील का?"

तोच खरा प्रश्न होता. काळखडी सत्तर मैल. रिकामी गाडी एका टाकीत तिथवर कशीबशी जायची. पण मागं पाण्यानं भरलेला ट्रेलर लावला की तीच गाडी दुप्पट पेट्रोल पिते. कवठ्याच्या पुढच्या माळावर, चाळीस मैलांवर, टाकी कोरडी. पुढं जतला पंप होता, पण तिथं महिनाभर पेट्रोलच आलेलं नव्हतं. पत्र्याच्या डब्यांत भरून न्यावं, तर डबे गळके, आणि वाटेत निम्मं उडून जायचं.

सिद्धूनं रात्रभर विचार केला नाही. वाळवंटात हे त्यानं केलेलं होतं. बाजारातून एक जाड पत्र्याचा ड्रम आणला, तो केबिनच्या मागं आडवा बसवून पट्ट्यांनी आवळला, तळाला भोक पाडून तांब्याची नळी कथलाच्या डाकानं जोडली आणि ती नळी आपल्या सीटखाली आणली. तिथं दोन तोंडांची चावी. चावी इकडं, तर पहिली टाकी. तिकडं, तर ड्रम. गाडीचा मागचा फाळका काढला, बाजूच्या लोखंडी कमानी काढल्या, एक जादा चाक काढून ठेवलं.

"अजून काय काढू?" भाऊसोनं विचारलं. "बोनेट काढू? का माझी आतडी?"

"तुझी जीब काढ," सिद्धू म्हणाला. "दोन मैल वाढत्याल."

काम संपेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. ड्रम पेट्रोलनं भरला. वर बूच घट्ट लावून सिद्धूनं बायकोला बजावलं, "हे बघ, हितं दिवा आनायचा न्हाई. उदबत्ती न्हाई, कापूर न्हाई, आरती ओवाळायची न्हाई. इस्तवाचा एक कण हितं नगं. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

आणि तिनं ते पाळलं. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत ती नदीवर गेली. ओल्या लुगड्यानंच आली. दिवा आणला नाही, उदबत्ती आणली नाही. पण एवढं मोठं नवं भांडं, आईच्या जिवासाठी बनवलेलं, सत्तर मैल माळ तुडवून जायचं आणि सत्तर मैल परत यायचं, ते कोरड्या अंगानं कसं जाऊ द्यायचं? आगीला त्यांनी बंदी केली होती. पाणी तर आगीच्या उलटं. पाण्यानं काय बिघडायचं? तिनं बूच फिरवलं. पेट्रोलचा वास नाकात शिरला, डोळ्यांत पाणी आलं. बिरोबाचं नाव घेऊन तिनं भरला तांब्या आत ओतला. मग पदराच्या गाठीतला भंडारा. चिमूटभर टाकायचा, पण आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि तिनं मूठ उघडली. बूच लावलं, ड्रमला कुंकवाचं बोट लावलं.

सिद्धूनं कुंकू पाहिलं आणि हसला. "एवढं बास," म्हणाला.

गुंडा आदल्या दिवशीच परत गेला होता. गाडीत तिघंच, सिद्धू, ती आणि मागं ट्रेलरच्या साखळीवर नजर ठेवून बसलेला भाऊसो. ट्रेलर घाटावर काठोकाठ भरलेला. मिरज मागं पडली, उसाची शेतं संपली, बाभळी सुरू झाल्या. सिद्धू गाडी मेंढीसारखी हाकत होता, ना जोरात ना हळू. "पंधराच्या पुढं काटा गेला की पेट्रोल उधळतं," त्यानं सांगितलं. उतार आला की तो गाडी नुसती सोडून द्यायचा. धोंडुबाई मांडीवर गडू घेऊन बसली होती. आईसाठी वेगळं भरून घेतलेलं पाणी.

कवठे ओलांडलं. माळावर चढ लागला, तेव्हा इंजिनानं एक उचकी दिली. पहिली टाकी संपली. सिद्धू खाली वाकला आणि चावी फिरवली. "आता हिच्यावर," तो म्हणाला. "हिच्यावर जाऊन परत."

गाडी पाच-पन्नास पावलं गेली. मग खोकली, झटके खाल्ले आणि गप्प झाली.

सिद्धूनं हँडल मारलं, पुन्हा मारलं. भाऊसोनं मारलं. मग सिद्धूनं बोनेट उघडलं, कारबुरेटरची वाटी सोडवली आणि तळहातावर उपडी केली. धोंडुबाई खाली उतरून शेजारी उभी होती. त्याच्या हातावर पाण्याचे गोल गोल थेंब हलत होते, आणि त्यांच्यात पिवळा गाळ. पेट्रोल उडून गेलं. पाणी राहिलं. हळद राहिली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, आता मारणार. त्यानं हात पँटीला पुसला.

"पाणी हाय काय रं?" भाऊसो मागून म्हणाला. "मला वाटलंच. त्यो नानासो पेट्रोलवाला. बोलाय गोड, आन् डब्यात पाणी घालतोय. आपुन मानसं मराय लागलीत म्हनून पळतोय, आन् ह्यो पाणी इकतोय. जातोच मी. त्याची तंगडी हातात देतो त्याच्या."

"आधी हे काढाय पायजे," सिद्धू एवढंच बोलला.

पाणी जड. ते ड्रमच्या तळाला बसलेलं, आणि नळीचं तोंडही तळालाच. रस्त्यात हिंदकळून भंडारा भिजला, त्याचा चिखल होऊन नळीच्या तोंडाशी बसला होता. सिद्धूनं नळी सोडवली, तर काही येईना. आत तार घातली. तार अडकली, त्यानं हिसडा दिला, आणि घाईघाईनं लावलेला डाक फाटला. पेट्रोलची धार थेट जमिनीवर पडू लागली. भाऊसो डबा आणायला पळाला, सिद्धूनं दोन्ही हातांनी भोक दाबलं, कोपरापासून पेट्रोल गळत राहिलं. डबे लागेपर्यंत माळानं निम्मं पिऊन टाकलं होतं. जमिनीवर डागसुद्धा राहिला नाही.

उरलेलं चार डब्यांत आलं, गढूळ. ते तसंच घालता येईना. "बसू दे," सिद्धू म्हणाला. "पाणी खाली बसंल." बसायला वेळ लागला. मग त्यानं आपली नमद्याची हॅट काढली, पहिल्या टाकीच्या तोंडावर उलटी धरली आणि वरचं वरचं पेट्रोल तिच्यातून गाळायला घेतलं. वाळवंटात ते असंच गाळत. नमदा पेट्रोल सोडतो, पाणी धरून ठेवतो. पण सोडतो तो थेंब थेंब. सूर्य डोक्यावर आला, कलला. धोंडुबाई डबा धरून उभी होती, आणि हॅटच्या तळाला तिनं घातलेलं तीर्थ पिवळं होऊन साचत होतं. दर वेळी सिद्धू ते झटकून टाकायचा. जपून, तिच्याकडं न बघता.

सगळं गाळून झालं, तेव्हा त्यानं टाकीत काडी बुडवून पाहिली आणि खाली बसला.

"पुरत न्हाई," तो म्हणाला. "एवढ्या वजनानं तिथवर जाईल. परत न्हाई येनार."

"न्हाई आली तर न्हाई आली," धोंडुबाई म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं बोलणं. "आई तिथं हाय."

"आन् उद्याची खेप? परवाची? गाडी तिथं अडकली तर वाडीला पाणी कोन आननार? ट्रेलर सोडून आलो तर आनायचं कशात?" त्यानं ट्रेलरकडं पाहिलं. "निम्मं सोडाय लागंल."

भाऊसो उठला आणि तोटीपाशी जाऊन उभा राहिला.

माळावर लांब एक कळप दिसत होता. सिद्धूनं हाक दिली. म्हातारा धुळा धनगर काठी टेकत आला. पाणी सोडणार म्हटल्यावर त्याला ते खरंच वाटेना.

"कृष्णेचं हाय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन् मेंढरास्नी देताय?"

"जमिनीवर सोडण्यापरीस मेंढरं पिऊ द्यात, बाबा."

ट्रेलरची तोटी उघडली. एका खोलगट जागी पाणी साचलं, आणि मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून प्यायला लागली. धुळानं दोन्ही हातांनी तोंडाला पाणी लावलं, मग डोक्याला. "देवानं धाडलं तुमास्नी," तो धोंडुबाईला म्हणाला. तिनं तोंड फिरवलं. माहेरच्या पंधरा घरांचं पाणी मेंढरांच्या पायांत चिखल होत होतं, आणि माणूस तिला देवाचं नाव सांगत होता.

सिद्धूनं हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला गाडी लागली.

काळखडीत पोचले तेव्हा दिवस मावळत होता. वाडीच्या तोंडाशी कुणी आलं नाही. दोन-चार माणसं भिंतीला टेकून बसली होती, त्यांनी नुसतं पाहिलं. गुंडा घरातून बाहेर आला. त्याच्या खांद्यावरचं उपरणं, मयताला खांदा देणारे बांधतात तसं, कमरेला बांधलेलं होतं. ते पाहून धोंडुबाईला सगळं कळलं, तरी ती गडू घेऊन आत गेली.

"दुपारी गेली," वहिनी म्हणाली. "सकाळी चांगली बोलत हुती. म्हनली, धोंडी निघाली असंल. मग जुलाब सुरू झालं. वाटीभर पाणी हुतं घरात, त्ये पाजलं. मग म्हनली, गाडीचा आवाज येतोय का बघा. दोन डाव बघाय लावलं. मग न्हाई बोलली."

धोंडुबाईनं गडूतलं पाणी आईच्या ओठांना लावलं. ते गालावरून खाली ओघळलं.

बाहेर गुंडा ट्रेलरवर थापा मारत होता. वरून पोकळ आवाज येत होता. "दाजी, निम्मंच आनलं?"

"रस्त्यात गाडी बिघाडली," सिद्धू म्हणाला. "सोडाय लागलं."

"पेट्रोलवाल्यानं पाणी घातलं हुतं," भाऊसो म्हणाला.

धोंडुबाई उंबऱ्यात उभी होती. ते ऐकून ती पुन्हा आत आईपाशी जाऊन बसली. ट्रेलरातलं पाणी दिवेलागणीपर्यंत संपलं. पुढची खेप तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा वाडीतली आणखी तीन माणसं गेली होती. त्यांतलं कुठलं पहिल्या दिवशीच्या पाण्यानं वाचलं असतं आणि कुठलं नाही, हे देवाला ठाऊक. तिच्या मनानं मात्र तिन्ही धरली, आणि चौथी आई.

त्या दुसऱ्या खेपेवरून सांगलीत आल्यावर भाऊसोनं आपलं बोलणं खरं केलं. लालासाहेबांपुढं त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करून. त्यांनी नानासोला बोलावून घेतलं. नानासो हडकुळा, चष्मेवाला माणूस, शेडच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"पोराची आन मालक, मी पाण्याचा थेंब घातला न्हाई."

"थेंब न्हाई, तांब्याभर हुतं," भाऊसो म्हणाला. "मी डोळ्यानं बघितलंय."

"मी आता वर कलेक्टराकडं तक्रार लिवतो," लालासाहेब म्हणाले. "परवाना ऱ्हात न्हाई तुजा. चार मानसं मेलीत, कळतंय का तुला?"

सिद्धू ड्रमपाशी उभा होता. मान खाली. धोंडुबाई खोलीच्या दारातून हे ऐकत होती. सिद्धू बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. माळावरही तो बोलला नव्हता. परक्या माणसाच्या संसारावर वरवंटा फिरेल, पण तो बायकोचं नाव घेणार नाही. ते त्याचं प्रेम होतं, आणि ते तिला सोसवेना. तिनं देवळीतला तांब्या उचलला आणि बाहेर आली. डोईवरचा पदर पुढं ओढून घेतला.

"मालक, पाणी मी घातलं," ती म्हणाली. "ह्यो तांब्या. कृष्णामाईचं. आन् भंडारा. नवं भांडं म्हनून घातलं. नानासोंचा काय दोष न्हाई. ह्यांनाबी ठाऊक नव्हतं, माळावर कळलं."

नानासोनं चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा लावला. भाऊसो आपल्या पायाकडं पाहत राहिला. शेवटी लालासाहेब म्हणाले, "आत जा, बाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं, असं तिला वाटलं.

त्या रात्री जेवताना सिद्धू एवढंच म्हणाला, "मी इस्तवाचं सांगितलं. पाण्याचं सांगाय पायजे हुतं. माजीच चूक."

"तुमी कशाला सांगाल," ती म्हणाली. "पाण्याची भीती कोन घालतं कुनाला."

आईच्या दहाव्याला ती माहेरी गेली. पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, तेव्हा तिनं गुंडाला गाठून सगळं सांगितलं. तो ओढ्याच्या कोरड्या वाळूत काडीनं रेघा ओढत बसला होता. ऐकून झाल्यावर उठला, धोतर झटकलं.

"आईनंच शिकवलं हुतं की तुला," तो म्हणाला, आणि पुढं चालू लागला.

त्या बोलण्यात माफी होती की दूषण, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. दिवाळीला तो न्यायला आला नाही. तिनंही वाट पाहिली नाही, असं ती म्हणते.

ड्रम सिद्धूनं दुसऱ्या खेपेआधीच पुन्हा बसवला होता. या वेळी नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर घेतलं, आणि अगदी तळाला एक वेगळा स्क्रू ठेवला, खाली काही साचलं तर काढून टाकायला. त्या उन्हाळ्यात गाडीनं काळखडीला अकरा खेपा केल्या. पुढच्या उन्हाळ्यात माण तालुक्याकडं. गाडी रस्त्यात पुन्हा कधी थांबली नाही.

कारण खेपेच्या दिवशी, गाडी निघायच्या आधी, एक काम धोंडुबाईचं असतं. ते तिनं मागून घेतलं. सिद्धू नको म्हणाला, भाऊसो नको म्हणाला, पण ती ऐकेना. नदीवरून आल्यावर ती तुळशीला पाणी घालते, देवाचं करते. मग कोरडं लुगडं नेसते आणि हात कोरड्या फडक्यानं पुसते, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, दोन-दोनदा. गाडीखाली वाकून तळाचा स्क्रू सैल करते आणि काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल धरते. बाटली उजेडाकडं धरून उभी राहते. पाणी असलं तर ते खाली बसेल, थेंबाथेंबांनी, गोल. ती वाट पाहते. सिद्धू इंजिन सुरू करायचा थांबलेला असतो, पण तो तिला घाई करत नाही.

"काय न्हाई," शेवटी ती म्हणते.

मग तो हँडल मारतो. गाडी ट्रेलर ओढत निघून जाते, आणि ती बाटलीतलं पेट्रोल परत डब्यात ओतून, बाटली पालथी घालून ठेवते.